अनित्यता, एंट्रॉपी आणि ताऱ्याचा जन्म : एका प्रचलित समीकरणाची चिकित्सा

धम्मविषयक व्याख्यानांत, वर्षावासातील प्रवचनमालांत आणि स्मरणिकांमधील लेखांत एक विधान अलीकडे वारंवार आढळते. ते असे की, तथागतांनी सांगितलेली अनित्यता आणि आधुनिक ऊष्मागतिकीचा दुसरा नियम ह्या दोन गोष्टी मुळात एकच होत. विश्वातील प्रत्येक वस्तू व्यवस्थेकडून अव्यवस्थेकडे जाते, झिजते, विस्कटते, हे विज्ञानाने एकोणिसाव्या शतकात सिद्ध केले. तेच भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले होते. सबब विज्ञानाने बुद्धवचनावर शिक्कामोर्तब केले आहे, असा हा युक्तिवाद आहे. तो ऐकावयास गोड वाटतो आणि श्रोत्यांची मान ताठ करतो. प्रस्तुत लेखकानेही तो अनेक व्यासपीठांवरून मांडला आहे. त्यामुळे पुढील टीका प्रथम स्वतःवर आहे, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल.

यवतमाळ जिल्ह्यातील एका विहारात वर्षावासाच्या अभ्यासवर्गात हेच विवेचन चालू असताना विज्ञान शाखेत शिकणारी एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, "सर, सगळे विस्कटतच जाते असे आपण म्हणता. पण पसरलेला वायू गोळा होऊन सूर्य तयार झाला, असे आमच्या पुस्तकात आहे. गोळा होणे म्हणजे विस्कटणे कसे?" मी उत्तर दिले की, बाहेरून ऊर्जा मिळाली म्हणजे एखाद्या ठिकाणी व्यवस्था निर्माण होऊ शकते. मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते, आणि माझेही. पुढे जाणकारांना विचारून व ग्रंथ पाहून ध्यानात आले की, ते उत्तर चुकीचे होते. आकुंचन पावणाऱ्या वायुमेघाला बाहेरून ऊर्जा मिळत नाही. उलट तो ऊर्जा गमावतो. तिचा प्रश्न त्या समीकरणाच्या मुळावरच घाव घालणारा होता.

शब्दाचा अर्थ

'एंट्रॉपी' हा शब्द रुडॉल्फ क्लाउझियस ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ साली घडविला. ग्रीक भाषेतील 'वळणे, पालटणे' ह्या अर्थाचा 'ट्रोपे' हा शब्द त्याने त्यासाठी घेतला. क्लाउझियसच्या व्याख्येत 'अव्यवस्था' कोठेही नाही. एखाद्या वस्तूत किती उष्णता आली वा गेली, आणि ती कोणत्या तापमानास, ह्या दोहोंच्या भागाकारावर ती व्याख्या उभी आहे. तेवढीच उष्णता कमी तापमानास दिली तर एंट्रॉपीची वाढ अधिक, जास्त तापमानास दिली तर कमी. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

नंतर लुडविग बोल्ट्झमनने तिचा सूक्ष्म अर्थ उलगडला. बाहेरून एकच दिसणारी स्थिती आतील कणांच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी साधता येते, ती संख्या एंट्रॉपी सांगते. परातीत एका बाजूस तीळ व दुसऱ्या बाजूस तांदूळ ठेवले, तर अशा मांडण्या थोड्या. परात हलवून दोन्ही मिसळले, तर मांडण्या अगणित. म्हणून हलविलेली परात मिसळलेल्या स्थितीकडे जाते. ह्या दृष्टांतावरून 'अव्यवस्था' हा शब्द लोकप्रिय झाला. पण तीळ आणि तांदूळ एकमेकांस ओढून घेत नाहीत. ज्या समूहातील प्रत्येक कण दुसऱ्या प्रत्येक कणास ओढतो, त्या समूहास परातीचा दृष्टांत लागू पडत नाही. आमची चूक येथे आहे. परातीवरून आम्ही विश्वाविषयी निष्कर्ष काढला.

मेघाचा हिशेब

ताऱ्यांमधील विशाल पोकळीत थंड वायूचे मेघ असतात. त्यांतील एखादा भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसू लागतो. भौतिकशास्त्रज्ञ ह्यास गुरुत्वीय अवपात म्हणतात. अशा बांधलेल्या मेघाविषयीचा एक नियम क्लाउझियसनेच १८७० साली मांडला. त्याचा आशय असा की, मेघ संतुलन राखीत हळूहळू आकसला असता गुरुत्वाकर्षणामुळे जी ऊर्जा मोकळी होते, तिचा निम्मा भाग मेघास तापवितो आणि निम्मा प्रारणाच्या रूपाने बाहेर जातो. चुलीवरचे पाणी उष्णता दिली की तापते, काढून घेतली की निवते. मेघाचे वर्तन नेमके उलट असते. तो जितकी ऊर्जा गमावतो तितका अधिक तापतो.

आता एंट्रॉपीचा हिशेब पाहू. मेघाची त्रिज्या निम्मी झाली असे धरू. घनफळ एक-अष्टमांश उरले, म्हणजे प्रत्येक कणास राहण्याची जागा आठपट कमी झाली. तापमान दुप्पट झाले, त्यामुळे कणांच्या वेगांना उपलब्ध असलेला आवाका वाढला. ही वाढ सुमारे २.८ पट भरते. म्हणजे आठपट घट आणि २.८ पट वाढ. प्रत्येक कणामागे मांडण्यांची उपलब्धता मूळच्या सुमारे ३५ टक्केच राहिली. मेघाची स्वतःची एंट्रॉपी घटली.

लोकप्रिय विज्ञानलेखनातील दुसरा प्रमाद येथे ध्यानात येतो. काही लेखक परातीचा दृष्टांत सोडून देतात खरे. पण मग 'गुरुत्वाकर्षण असेल तेथे गोळा झालेल्या वायूचीच एंट्रॉपी अधिक असते' असे सांगून मोकळे होतात. ताऱ्याच्या जन्मापुरते हे विधान अपुरे आहे. वायूची एंट्रॉपी खरोखर कमी होते. नियम मोडत नाही, ह्याचे कारण बाहेर गेलेल्या प्रारणात आहे. प्रारण बरोबर वायूच्या तापमानासच बाहेर पडले असते, तर मेघाची घट आणि प्रारणाची वाढ तंतोतंत सारखी भरली असती. प्रत्यक्षात ते आतील उष्ण भागातून वाट काढीत थंड पृष्ठभागावरून निसटते. आजच्या सूर्याचा गाभा सुमारे दीड कोटी अंशांचा आहे, पृष्ठभाग मात्र सुमारे ५,८०० अंशांचा. क्लाउझियसच्या भागाकारानुसार तेवढीच ऊर्जा कमी तापमानास गेली की एंट्रॉपी अधिक वाढते. ते प्रारण शेवटी सुमारे २.७ निरपेक्ष अंशांच्या थंड आकाशात पसरते. मेघाने गमावले त्याहून कितीतरी अधिक आकाशाने मिळविले, आणि एकूण बेरीज वाढली.

म्हणून त्या विद्यार्थिनीस द्यावयाचे खरे उत्तर असे : सूर्य घडला तो नियमास अपवाद म्हणून घडला नाही, नियमानुसारच घडला. घडणे ही देखील त्या नियमाचीच रीत आहे.

ऊर्जा बाहेर जाऊ शकत नसेल तेव्हा काय होते, ह्याचाही अभ्यास झालेला आहे. रशियन शास्त्रज्ञ आंतोनोव्ह ह्यांनी १९६२ साली, आणि लिंडन-बेल व वुड ह्यांनी १९६८ साली दाखविले की, पुरेसा दाट झालेला ताऱ्यांचा समूह कोठल्याही स्थितीत स्थिरावत नाही. त्याचा गाभा आकसत व तापत जातो आणि बाहेरचा पसारा फुगत जातो. एका समूहातच एक भाग गोळा होतो व दुसरा पांगतो. ह्या विषयावरील एक मान्यवर समीक्षालेख १९९० साली थानू पद्मनाभन ह्यांनी लिहिला. ते त्या वेळी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. पुढे पुण्याच्या 'आयुका'त आले आणि २०२१ साली निवर्तले. हा विषय दूरदेशीचा नाही. त्याचे महत्त्वाचे विवेचन महाराष्ट्राच्या भूमीवरच झाले आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

कृष्णविवर : हिशेबाचा कळस

मराठी वाचकास कृष्णविवर परिचित करून देण्यात डॉ. जयंत नारळीकरांचा वाटा मोठा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या कल्पित नावाने पाठविली आणि तिला पारितोषिक मिळाले. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षकांचा निर्णय झुकू नये, ही त्यामागील भूमिका. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले. कथनाची परीक्षा सांगणाऱ्याच्या मोठेपणावरून न करता कथनावरूनच व्हावी, हे तत्त्व कालामांना दिलेला उपदेश वाचणाऱ्या आम्हांस अपरिचित नाही. आम्ही ते व्यासपीठावर किती पाळतो, हा प्रश्न वेगळा.

अतिशय जड ताऱ्याचे इंधन संपले की त्याचा गाभा कोसळतो, आणि काही ताऱ्यांच्या बाबतीत हा अवपात थांबतच नाही. तेथून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही. मग आत गेलेल्या द्रव्याच्या एंट्रॉपीचे काय झाले? ती नष्ट झाली असेल तर दुसरा नियम मोडला. जेकब बेकेन्स्टाइन ह्यांनी १९७२-७३ मध्ये उत्तर सुचविले की, कृष्णविवरास स्वतःची एंट्रॉपी असते आणि ती त्याच्या सीमापृष्ठाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. हे क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही, असे स्टीफन हॉकिंग ह्यांनी १९७१ सालीच दाखविले होते. बेकेन्स्टाइनची सूचना त्यांना आधी मान्य नव्हती. पण १९७४ साली त्यांच्याच गणिताने कृष्णविवरास तापमान असते असे दाखवून दिले, आणि विरोध मागे पडला. क्वांटम परिणाम जमेस धरले तर क्षेत्रफळ अतिमंद गतीने घटूही शकते. तथापि बाहेर गेलेल्या प्रारणासह एकूण बेरीज वाढतच राहते.

आकडे पाहिले म्हणजे थक्क व्हावयास होते. सूर्याची एंट्रॉपी, बोल्ट्झमनच्या स्थिरांकाच्या मापाने, अंदाजे एकावर ५८ शून्ये इतकी आहे. सूर्याएवढ्याच वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या अवघी ३ किलोमीटर. पण एंट्रॉपी एकावर ७७ शून्ये. आपला सूर्य कृष्णविवर होणार नाही, त्याचे वस्तुमान त्यासाठी अपुरे आहे; ही केवळ तुलना आहे. वस्तुमान दुप्पट झाले की कृष्णविवराची एंट्रॉपी चौपट होते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रस्थानी सुमारे ४३ लाख सूर्यांइतके जड कृष्णविवर आहे. त्या एकाची एंट्रॉपी, आपणास दिसू शकणाऱ्या सगळ्या विश्वात भरून राहिलेल्या पार्श्वप्रारणाच्या एंट्रॉपीहून अधिक भरते. बाहेरून पाहता कृष्णविवराइतकी साधी वस्तू दुसरी नाही. वस्तुमान, विद्युतभार व फिरकी सांगितली की तिचे वर्णन संपते. जिला डोळा 'अव्यवस्थित' म्हणणार नाही, तिची एंट्रॉपी सर्वाधिक. 'अव्यवस्था' हा शब्द येथे पूर्णपणे निरुपयोगी ठरतो.

हे केवळ कागदावरचे गणित राहिलेले नाही. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' वेधशाळेने दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी प्रथम टिपल्या. एक सुमारे ३६ सूर्यांइतके, दुसरे सुमारे २९ सूर्यांइतके. मिळून उरले सुमारे ६२. तीन सूर्यांइतकी ऊर्जा लहरींतून गेली. फिरकीचा सूक्ष्म विचार बाजूस ठेवला तर क्षेत्रफळ वस्तुमानाच्या वर्गाप्रमाणे असते. ३६ आणि २९ ह्यांच्या वर्गांची बेरीज २,१३७. ६२ चा वर्ग ३,८४४. वस्तुमान घटले, क्षेत्रफळ वाढले. फिरकी धरूनही निष्कर्ष तोच राहतो. त्या नोंदीच्या २०२१ मधील फेरअभ्यासाने सुमारे ९५ टक्के विश्वासाने, आणि जानेवारी २०२५ मध्ये नोंदलेल्या दुसऱ्या टकरीने त्याहून स्पष्टपणे हॉकिंगच्या प्रमेयास पुष्टी दिली. अशीच वेधशाळा आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. पुसद-उमरखेडच्या मुलामुलींना हा विषय उद्या घराजवळचा होणार आहे. त्यांच्यापुढे आम्ही कोणते विज्ञान मांडतो, ह्याची जबाबदारी त्यामुळे वाढते.

कोळसा, कापूस आणि सूर्य

ह्या सर्वांचा आमच्या जीवनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. वणी परिसरातील खाणींतून निघणारा कोळसा पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे. काळ्या मातीतील पऱ्हाटी आज उभी आहे. दोन्ही सूर्यावर पोसल्या. पण पृथ्वी सूर्याकडून जेवढी ऊर्जा घेते, जवळजवळ तेवढीच रात्रंदिवस आकाशास परत देते. मग पऱ्हाटीस मिळते काय? सूर्याकडून येणाऱ्या प्रत्येक प्रकाशकणाच्या बदल्यात पृथ्वी सुमारे २० मंद, अवरक्त कण परत पाठविते. येणारी ऊर्जा कमी एंट्रॉपीची असते, जाणारी अधिक एंट्रॉपीची. ह्या फरकावर पान, बोंड, कोळसा आणि आपली शरीरे उभी आहेत. थंड आकाशात एक उष्ण बिंदू आहे म्हणून हा फरक आहे; आणि तो बिंदू गुरुत्वीय अवपातातून निर्माण झाला.

मागे जाता जाता प्रश्न उरतो तो आरंभीच्या विश्वाचा. पार्श्वप्रारणावरून दिसते की, ते अतिशय एकसारखे होते. ठिकठिकाणच्या तापमानातील फरक लाखात एखादा भाग एवढाच. परातीच्या दृष्टीने ही पूर्ण मिसळलेली स्थिती. गुरुत्वाकर्षण धरले तर मात्र ती अतिशय कमी एंट्रॉपीची, कारण द्रव्याचे कोसळणे सगळेच बाकी होते. रॉजर पेनरोज ह्यांनी १९७९ पासून हा मुद्दा आग्रहाने मांडला आहे. विश्वाचा आरंभ असा का झाला, ह्याचे सर्वमान्य उत्तर अद्याप नाही.

अनित्यतेवर झालेला अन्याय

आता पालीकडे वळू. 'अनित्यता म्हणजे झीज' असे म्हणताना आम्ही विज्ञानाइतकाच बुद्धवचनावरही अन्याय करतो. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात संखताची, म्हणजे प्रत्ययांनी घडलेल्या वस्तूची, तीन लक्षणे सांगितली आहेत : उप्पाद, वय आणि स्थित असतानाच होणारे अन्यथात्व. उप्पाद म्हणजे उत्पन्न होणे. ते ह्या यादीत पहिले आहे. जे घडते ते संखत आहे, म्हणून अनिच्च आहे. मेघातून तारा होणे हा उप्पाद, तारा विझणे हा वय. अनित्यतेच्या कक्षेत दोन्ही येतात. आम्ही मात्र 'दुसऱ्या नियमा'शी जुळावे म्हणून उप्पाद गाळला आणि केवळ वय ठेवला. हे बुद्धवचनाचे समर्थन नव्हे, त्याची काटछाट आहे.

मग 'अनित्यतेत दोन्ही आहेत, विज्ञानातही दोन्ही निघाले, तेव्हा समीकरण आणखी पक्के झाले' असे कोणी म्हणेल. हा मोह टाळला पाहिजे. एंट्रॉपी ही मोजावयाची राशी आहे. तिला दिशा आहे, तिचे आकडे मांडता येतात. अनित्यता ही तृष्णा व दुःख ह्यांच्या संदर्भात सांगितलेली दृष्टी आहे. तिच्या ठायी आकडा नाही, आणि नसणे हे वैगुण्यही नाही. 'संवट्ट-विवट्ट' ह्या शब्दांतही काही जण विश्वाचे कोसळणे आणि प्रसरण शोधतात. 'वट्ट' म्हणजे वळणे, आणि क्लाउझियसच्या 'ट्रोपे'चा अर्थही वळणे; पण अर्थाच्या अशा साम्याने काही सिद्ध होत नाही. हे शब्द ज्या अग्गञ्ञ सुत्तात येतात, ते वासेट्ठ व भारद्वाज ह्या ब्राह्मणकुलोत्पन्न तरुणांना सांगितले आहे, आणि त्याचा रोख ब्राह्मणांच्या जन्मश्रेष्ठत्वाच्या दाव्यावर आहे. त्यातून खगोलशास्त्र काढण्याच्या भरात त्यातील समाजचिकित्सा मागे पडते, हे नुकसान मोठे आहे.

बाबासाहेबांची रीत येथे मार्गदर्शक आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात पुनर्जन्माची चर्चा करताना त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा उल्लेख केला आहे. मृत्यूनंतर काहीच उरत नाही असे मानणे विज्ञानाशी विसंगत होईल, एवढाच तो मुद्दा आहे. सिद्धांत विज्ञानाशी विसंगत नसावा, ही एक कसोटी झाली. विज्ञानाचे शोध सुत्तांत आधीच होते, हा दावा अगदी वेगळा. त्याच ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याच्या ज्या कसोट्या त्यांनी दिल्या, त्या विवेक, मानवी कल्याणाशी संबंध, आणि निश्चित व अनिश्चित विषयांतील भेद ह्यांच्या आहेत. आमचे समीकरण पहिल्याच कसोटीवर उतरत नाही.

ह्यात खरा धोका काय? उधार घेतलेल्या आधारावर उभा केलेला विश्वास आधारासह कोसळतो. उद्या ती विद्यार्थिनी महाविद्यालयात हा विषय शिकेल आणि विहारात ऐकलेले चुकीचे होते, हे तिला कळेल. त्या दिवशी तिचा विश्वास केवळ माझ्यावरून उडाला तर हानी थोडी. पण सुत्तेही अशीच असावीत असे तिने मानले, तर तो दोष आमचा असेल. इतर धर्मीयांनी आपल्या पोथ्यांत विमाने व अणुबॉम्ब शोधले, त्यांस आम्ही हसलो. तीच वाट आम्ही चालू नये.

पुढच्या वर्षावासात अभ्यासवर्ग पुन्हा भरला, तेव्हा ती विद्यार्थिनी आली होती. मी फळ्यावर मेघाचा हिशेब मांडला : जागा आठपट कमी, वेगांचा आवाका २.८ पट अधिक. आणि मागील वर्षीचे माझे उत्तर चुकीचे होते, हे सर्वांसमक्ष सांगितले. तिने वहीत आकडे उतरवून घेतले आणि विचारले, "मग बाकीची एंट्रॉपी गेली कुठे?" ह्या वेळी घाई न करता आम्ही तो हिशेब वर्गात मिळून पूर्ण केला.